वेचलेलं शेत

अण्णा पोंक्षे यांना मान ताठ ठेवून चालताना मी एकदाच पाहिलं. एरवी त्यांची नजर कायम जमिनीवर. बंगळुरातल्या मल्लेश्वरममध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की संपिगे रोडच्या गर्दीतही अण्णा लांबून ओळखू यायचे. बाकीच्यांचे चेहरे येताना दिसायचे, अण्णांचं टक्कल यायचं. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याचं काहीतरी पडलंय. एकदा एक भली फुलवाली टोपली खाली ठेवून कोपऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर वाकून शोधत गेली होती. काय हरवलंय हे तिने शेवटी विचारलं, तर अण्णा म्हणाले, "ते सापडल्यावर कळतं."

मी त्यांचा भाडेकरू. नाशिकहून नोकरीसाठी बंगळुरात आलो, दुसरी जागा मिळेपर्यंत म्हणून त्यांच्या माडीवर राहिलो आणि अजून तिथेच आहे. अण्णांचे वडील कधीकाळी सांगलीकडून इथे आले होते. अण्णांचा जन्म, शाळा, नोकरी सगळं इथलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' असे, 'ठीक आहे'च्या जागी 'सरी' असे, आणि मी काही विनाकारण केलं की "सुम्ने कशाला?" असं ऐकावं लागे. त्यांच्या पत्नीला मी पहिल्या दिवशी वहिनी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "अक्का म्हणा हो. वहिनी म्हटलं की मला वाटतं, मागे दुसरंच कुणीतरी उभं आहे." मला अण्णा 'नाशिककर' म्हणत. माझ्याकडे गाडी आहे हे कळल्यावर जरा जास्त प्रेमाने म्हणू लागले.

आयुष्यभर ते एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. बनून आलेला सुटा भाग मापायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं, हे त्यांचं काम. नापास म्हणण्याची त्यांना बहुधा जास्त गोडी असावी. अक्कांनी केलेली पोळीसुद्धा ते आधी उजेडात धरून बघत. कारखान्यातली एकच गोष्ट ते पुनःपुन्हा सांगत. एकदा सुट्या भागांची एक पेटी आली. भाग उत्तम, मापाला तंतोतंत. पण कुठल्या यंत्रावर झाले ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या वाटेत सुटल्या होत्या, आणि कुणीतरी त्या अंदाजाने पुन्हा बांधल्या होत्या. अण्णांनी अख्खी पेटी परत पाठवली. वरिष्ठ आले, ओरडले, शेवटी त्यांनी हात टेकले. "भाग चांगले होते की हो, अण्णा," मी म्हणायचो. "चांगलेच होते," अण्णा म्हणायचे, "पण कुठून आले ते कुणाला माहीत नव्हतं. मग चांगले असून काय करायचे?"

निवृत्तीच्या आधीच त्यांना जुन्या खापऱ्यांचं वेड लागलं होतं. बंगळुराभोवतीच्या तांबड्या मातीत फार जुन्या वस्त्या गाडल्या गेल्या आहेत. नांगरट झाली की त्यांतली भांडी फुटक्या तुकड्यांच्या रूपाने वर येतात. कुठे दगडी हत्यार येतं, कुठे मणी. हे बघायला मुहूर्त लागतो. शेत नांगरून झालेलं हवं आणि पेरलेलं नको. उन्हाळ्यातली एखादी सर पडून माती धुतली गेलेली असली तर सोन्याहून पिवळं. या मोसमात अण्णा घरी सापडत नसत. ते कुठे आहेत असं कुणी विचारलं की अक्का म्हणत, "नांगरामागे."

दुसऱ्याच्या शेतात शिरायचं कसं, यावर त्यांनी एक तोड काढली होती. जुनं गाव, इतिहास, संशोधन यातलं ते काहीही बोलत नसत. बांधावर उभं राहून शेतकऱ्याला कन्नडमध्ये विचारत, "तुमच्या शेतातले दगड वेचून देऊ का?" शेतकरी आधी त्यांच्याकडे बघे, मग माझ्याकडे, मग गाडीकडे. दगड वेचणं हे शेतीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम. ते फुकट करायला मल्लेश्वरमहून गाडी करून माणूस येतो, यात काय डाव आहे ते त्याला कळत नसे. पण डाव नव्हता. अण्णा खरोखर दगड वेचत. साधे दगड पाटीत घालून बांधावर नेऊन टाकत आणि खापऱ्या पिशवीत. पाटी रिकामी असताना त्यांनी पिशवीत काही टाकलेलं मी पाहिलं नाही. "काम केल्याशिवाय कुणाच्या जमिनीतलं उचलायचं नाही," असा त्यांचा नियम होता. खेडोपाडी त्यांना 'कल्लुतात' म्हणत. कल्लु म्हणजे दगड, तात म्हणजे आजोबा. बायका त्यांना हक्काने हाका मारत, "कल्लुतात, तो कोपरा राहिला!" आणि कल्लुतात 'सरी, सरी' करत त्या कोपऱ्याकडे निघत.

घरी आल्यावर प्रत्येक तुकडा धुवायचा, सावलीत वाळवायचा आणि पांढऱ्या शाईने त्याच्या पाठीवर शेताची खूण घालायची. मग कॅलिपरने जाडी मापायची. मग डबा. बिस्किटांचे, मिठाईचे, तुपाचे, अक्कांच्या स्वयंपाकघरातून एकेक करून फितूर झालेले डबे माडीच्या जिन्याखाली छतापर्यंत लागले होते. माझं भाडं इतक्या वर्षांत फारसं वाढलं नाही, त्याचं एक कारण म्हणजे मी जिना चढताना डब्यांना धक्का लावत नसे.

अक्कांनी याचा सूड एकदाच घेतला, तोही नकळत. अण्णांना एका शेतात दगडी कुऱ्हाडीचं पातं मिळालं होतं, घासून गुळगुळीत केलेलं, मुठीत मावेलसं. ते एक दिवस डब्यातून नाहीसं झालं. अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. माझी माडीसुद्धा तपासली. पुष्कळ महिन्यांनी ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर अक्का त्या पात्याने आलं ठेचत होत्या.

"हे तुझ्याकडे कसं?"

"हाताला बरं बसतं," अक्का म्हणाल्या. "ज्याने केलं त्याने काय डब्यात ठेवायला केलं होतं?"

अण्णांनी ते उलटं करून पाहिलं. पांढरी खूण घासून, धुऊन पार गेली होती. कुठल्या शेतातलं ते त्यांना तोंडपाठ होतं, माझ्यासमोर त्यांनी नावही सांगितलं. मी म्हटलं, "मग घाला पुन्हा खूण." ते म्हणाले, "आता घातली तर ती माझी आठवण होईल, खूण नाही." आणि पातं त्यांनी अक्कांच्या हातात परत दिलं. "आजपासून हे तुझं." तेव्हा मला हा नुसता हेकटपणा वाटला होता.

त्यांचं सगळ्यात लाडकं शेत होसकोटेच्या पुढे होतं, नंजम्माचं. नंजम्मा साठीच्या पुढची विधवा बाई, मुलगा मंजुनाथ चाळिशीचा. शेतात नाचणी, बांधाला तूर, थंडीत अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा. या शेताचा एक कोपरा वेगळा होता. बाकी माती तांबडी, तिथली राखेसारखी करडी. आमच्या नाशिककडे गाव जिथे वसलेलं असतं त्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. ओस पडलेल्या गावाची पांढरी खणून शेतात टाकत, खत म्हणून. नंजम्माचा कोपरा म्हणजे तशीच एखादी पांढरी असावी. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या चुलींची राख, शेणकूर, उष्टंखरकटं. त्या कोपऱ्यात नाचणी इतर शेतापेक्षा हातभर उंच यायची आणि कणसं वळून मुठीएवढी व्हायची. नंजम्मा म्हणायची, "तिथे देव आहे." अण्णा म्हणायचे, "तिथे उकिरडा आहे." दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नव्हतं.

वीसेक वर्षं अण्णा दर नांगरटीला त्या शेतात गेले. तिथल्या खापऱ्या आतून काळ्या, बाहेरून तांबड्या, बोट फिरवलं तर अजून गुळगुळीत लागायच्या. त्यांनी तो कोपरा वीतवीत वेचला. तिथे एक मोठी गोष्ट खाली अखंड आहे, असं त्यांना वाटायचं. तिला इजा होऊ नये म्हणून त्यांनी मंजुनाथला गळ घातली होती की त्या कोपऱ्यात ट्रॅक्टरचा नांगर खोल घालायचा नाही, वरवर फण फिरवायचा. मंजुनाथने ते पाळलं. कल्लुतात वर्षानुवर्षं फुकट राबत होते, एवढं तर त्यांच्यासाठी करायला हवंच. दुपारी नंजम्मा आम्हाला नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा उंडा, आणि सार वाढायची. मी तो उंडा चावू लागलो की अण्णा डाफरायचे, "चावू नको रे, गिळ. चावलास तर संध्याकाळपर्यंत चावत बसशील."

मग रस्ता आला. नव्या रुंद रस्त्याची आखणी बरोबर त्या करड्या कोपऱ्यावरून जात होती. कोपरा गेला असता आणि उरलेल्या शेताचे दोन बाजूंना दोन तुकडे पडले असते. नंजम्माला जमीन द्यायची नव्हती. तिचा दुसरा काही व्यवसाय नव्हता, आणि नव्याने शिकायचं तिचं वय नव्हतं. ती अण्णांना म्हणाली, "तात, तुम्ही म्हणता ना हे फार जुनं गाव आहे? मग सरकारला सांगा की. देवळासाठी रस्ते वळतात, गावासाठी नाही वळणार?"

अण्णांनी शब्द दिला. त्यांनी तसा शब्द कुणाला दिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. तपासणीवाला माणूस आधीच पास म्हणत नाही. पण त्या दिवशी म्हणाले, "मी बघतो अम्मा, वळेल."

अर्ज झाले, हेलपाटे झाले आणि एक दिवस पुराणवस्तूंच्या खात्यातल्या एक अधिकारी बाई शेत बघायला आल्या. वयाने तरुण, डोक्यावर मोठी टोपी, पायात मातीने भरलेले बूट. बाईंना काम कळत होतं, हे चालण्यावरून दिसत होतं. त्या एका टोकापासून सुरू झाल्या आणि नजर खाली ठेवून सरळ रेषेत करड्या कोपऱ्यातून जात-येत राहिल्या, अगदी अण्णांसारख्या. अण्णा बांधावर, त्यांच्या मागे नंजम्मा आणि मंजुनाथ, मागे गाडीला टेकून मी. बाई वाकतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. त्या वाकल्याच नाहीत.

शेतात काही नव्हतंच. अण्णांनी ते वीस वर्षं वेचून स्वच्छ केलं होतं, आणि खालून नवीन काही वर येणार नाही याचीही तजवीज त्यांनीच केली होती.

अण्णांनी गाडीतून डबे काढले. बाईंनी एकेक तुकडा हातात घेऊन पाहिला, बराच वेळ. मग कन्नडमध्ये, अतिशय आदराने त्या म्हणाल्या, "सर, तुकडे फार चांगले आहेत. याच शेतातले असतील यावर माझा विश्वासही आहे. पण मी शेताचा अहवाल लिहू शकते, डब्याचा नाही."

"पाठीवर शेताची खूण आहे," अण्णा म्हणाले.

"ती तुम्ही घातली आहे, सर."

मला वाटलं, आता अण्णा भडकणार. ते भडकले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र पडला. समोरच्या तपासणीसाने नापास म्हटलं होतं आणि बाईंच्या जागी ते असते तर त्यांनीही तेच म्हटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "सरी. बरोबर आहे." जाताना बाई म्हणाल्या की पेरणीच्या आधी आणखी एकदा येऊन जाईन, नांगरट झाल्यावर कळवा.

त्यांची गाडी दिसेनाशी होताच मंजुनाथने सरळ विचारलं, "तात, डबे इथेच आहेत. पसरून टाकू या का? इथलेच तर आहेत."

"नको," अण्णा म्हणाले. "बेडा."

नंजम्माला हे मुळीच कळेना. ती म्हणाली, "आमच्याच शेतातलं निघालं, तुमच्या घरी राहिलं. आम्ही बी नाही का घरात ठेवत? वेळ आली की शेतात टाकतो. त्यात लबाडी कसली?"

"अम्मा, बी टाकून उगवलं तर त्याला पीकच म्हणतात. मी हे टाकलं आणि त्या बाईंना मिळालं, तर त्याला सापडलं म्हणता येत नाही."

"कुणाला कळणार आहे?"

"मला," अण्णा म्हणाले.

खरं सांगतो, मला त्या क्षणी अण्णांचा संताप आला. समोर एका बाईचं शेत जात होतं. डब्यात त्याच शेतातली माती लागलेले तुकडे होते. आणि हा माणूस कारखान्यातल्या चिठ्ठ्यांचा नियम घेऊन बसला होता. परतीच्या वाटेवर मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. टिन फॅक्टरीच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या, तिथे ते एकदम म्हणाले, "दुसरा मार्ग आहे."

दुसरा मार्ग त्यांनी पुढच्या फेरीत सांगितला. मंजुनाथला बोलावून ते म्हणाले, "मोठा पलटी नांगर आण. त्या कोपऱ्यात घाल. जाईल तितका खोल."

मंजुनाथला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. वीस वर्षं ज्या कोपऱ्यासाठी हा माणूस हातापाया पडत आला होता, तोच आता तिथे नांगर घाला म्हणत होता. "खाली तुमचं ते मोठं आहे ना, तात?"

"आहे म्हणूनच."

ट्रॅक्टर आला तेव्हा अण्णा बांधावर बसून होते. कोपऱ्याच्या कडेला नांगराच्या पहिल्या दोन तासांना नुसती तांबडी माती उलटली, मग करडी, मग चुलीतून काढावी तशी राख. पुढच्या तासाला खालून आवाज आला. मोठा नव्हता. स्वयंपाकघरात हातातून माठ निसटावा तेवढाच. मंजुनाथने ट्रॅक्टर थांबवून मागे वळून बघितलं. अण्णांनी हाताने खूण केली, चालू दे. एक मोठा रांजण होता, त्याची जाड कड मला बांधावरूनही दिसली, आणि त्याच्यात आणखी लहान भांडी असावीत. किती ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. अण्णांनी डोळे मिटले नाहीत, तोंड फिरवलं नाही. नांगर शेवटच्या तासापर्यंत जाईस्तोवर ते बघत राहिले. नंजम्माने त्यांच्यासमोर ताक आणून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. माझा संताप त्या बांधावरच संपला. मला त्यांची फार कीव आली आणि कीव येण्याइतके ते लहान नाहीत हेही कळलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. बाई पुन्हा आल्या. या वेळी पहिल्याच पावलाला वाकल्या आणि नंतर कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. नांगर इतका खोल कुणी घातला, असं त्यांनी विचारलं. अण्णांनी सांगितलं, "मी घालायला लावला." बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग लिहू लागल्या. रस्ता सरकायला बरेच महिने लागले. त्यात बाईंच्या अहवालाचा वाटा किती आणि पलीकडच्या बड्या जमीनवाल्यांच्या खटपटीचा किती, मला ठाऊक नाही. पण तो सरकला, तळ्याच्या बाजूने गेला. नंजम्माचं शेत राहिलं. खालची राख वर आल्यामुळे त्या वर्षी कोपऱ्यातली नाचणी आणखीनच उंच झाली. ती बघायला अण्णा गेले होते, रस्ता सरकल्याचं कळायला मात्र ते राहिले नाहीत. अवरेच्या मोसमात, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. अक्का अजून त्याच पात्याने आलं ठेचतात. डबे जिन्याखाली आहेत, भाडंही तेवढंच आहे.

मला सांगायचं होतं ते मधल्या दिवसांतलं. नांगरट झाली होती आणि बाई यायच्या होत्या. अण्णा रोज शेतावर जायचं म्हणत, राखणीला. ढोरं शिरतात, पोरं उचलून नेतात, अशी कारणं सांगत. एका सकाळी मी त्यांना घेऊन गेलो. आदल्या दिवशी पाऊस शिंतडून गेला होता. माती धुतली गेली होती आणि अख्ख्या कोपऱ्यात तांबडे-काळे तुकडे चमकत होते. जन्मभर त्यांनी ज्या सकाळची वाट पाहिली असेल ती ही सकाळ. माझ्या पायाशीच कडेचा एक मोठा तुकडा होता, नखाने काढल्यासारखी नक्षी असलेला. मी वाकलो.

"हात लावू नको," अण्णा म्हणाले. "तो अजून शेतातला आहे."

त्यांना पलीकडच्या बांधावर जायचं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हनुवटी वर केली आणि समोरच्या निलगिरीच्या रांगेवर नजर लावली.

"खाली बघितलं तर राहवणार नाही मला," ते म्हणाले. "तू बघ आणि सांग. पायाखाली एकही येता कामा नये."

आम्ही निघालो. तळहाताचा दाब खांद्यावर जाणवत होता. मी खाली बघत होतो, आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या बारकाईने, आणि सांगत होतो. "अण्णा, स्वल्प डावीकडे. आता मोठं पाऊल टाका. थांबा." ते थांबत. "चला." ते चालत. एकदा माझ्या तोंडून "अरे वा" निघून गेलं, तेव्हा त्यांची बोटं खांद्यात रुतली.

"काय आहे?"

मी सांगितलं, "मणी आहे, अण्णा. तांबडा. अख्खा."

त्यांनी निलगिरीवरची नजर काढली नाही. "कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे."

"सरी," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पाऊल डावीकडे टाकलं.